इंग्रजी शब्द शब्दकोशातून कसे शिकावेत : व्याख्या, उदाहरण आणि स्वतःचं वाक्य

इंग्रजी शब्द पाठ करणाऱ्या बहुतेकांकडे एक वही असते. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. वही भरत जाते, शब्द समोर आला की अर्थही आठवतो. पण बोलताना किंवा ईमेल लिहिताना त्यातला एकही शब्द वेळेवर हजर होत नाही, आणि झालाच तर भलत्या जागी जाऊन बसतो. मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत काम करायची वेळ आली, तेव्हा मला जी पद्धत उपयोगी पडली ती इथे क्रमाने लिहितो आहे. तिचा गाभा एवढाच की सुटा शब्द पाठ करायचा नाही, तो ज्या वाक्यात वावरतो ते वाक्य शिकायचं. इंग्रजी व्याख्या त्या वाक्यापर्यंत पोचायला मदत करते.

साधी इंग्रजी वाक्यं अडखळत का होईना वाचता येतात, अशांसाठी हा लेख आहे. अगदीच सुरुवात असेल तर आधी काही महिने सोप्या गोष्टी वाचा आणि इंग्रजी-मराठी कोश बिनदिक्कत वापरा. व्याख्यांच्या वाटेला लगेच जाऊ नका.

काय काय लागेल

- एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी कोश
- एक इंग्रजी-मराठी कोश
- कोऱ्या कार्डांचा गठ्ठा, किंवा फोनवर अँकीसारखं फ्लॅशकार्डांचं ॲप
- तुम्हाला खरोखर वाचायचं आहे असं काहीतरी इंग्रजी : बातम्या, क्रिकेटचे लेख, तुमच्या कामाची मॅन्युअल्स, काहीही

यातली पहिली वस्तू सर्वांत महत्त्वाची, कारण कोश चुकीचा निवडला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या डळमळतात. इंग्रजांनी इंग्रजांसाठी लिहिलेले मोठे कोश सोपा शब्द समजावताना चार अवघड शब्द वापरतात. लर्नर्स डिक्शनरी परक्या भाषकांसाठीच असते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला, १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला, आणि आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी त्यातूनच वाढली. १९७८ च्या लाँगमन कोशाने तर सगळ्या व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहायचं बंधन घालून घेतलं. म्हणजे ते २००० शब्द आले की पुस्तकातल्या जवळपास सगळ्या व्याख्या तुम्हाला वाचता येतात. ऑक्सफर्ड, लाँगमन, केंब्रिज आणि कॉलिन्स या चारही प्रकाशकांचे असे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात, त्यामुळे जाडजूड पुस्तक घ्यायलाच हवं असं नाही.

इंग्रजी-मराठी कोश टाकून द्या असं मी म्हणणार नाही. झाडं, पक्षी, आजार, अवजारं अशा शब्दांसाठी तोच बरा. ‘ॲझ्मा’ म्हणजे दमा, संपलं. तिथे तीन ओळींची इंग्रजी व्याख्या वाचण्यात काही हशील नाही.

१. शब्द निवडा, पण यादीतून नको

‘रोज २० शब्द’ छापाच्या वर्णानुक्रमे लावलेल्या याद्या टाळा. ‘अबेट’, ‘अबॉलिश’, ‘अभॉर’ एका दिवशी शेजारीशेजारी पाठ केले की आठवड्याने कोणता कुठला ते कळत नाही. सारखे दिसणारे, सारख्या किंवा अगदी उलट अर्थाचे शब्द एकत्र शिकले की एकमेकांत मिसळतात. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ची जोडीही एकाच बैठकीत घेऊ नका. एक पक्का होऊ द्या, मग दुसरा.

शब्द वाचनातून उचला. पहिल्यांदा भेटला तर अर्थ पाहून पुढे जा, दुसऱ्यांदा भेटला की खूण करा. पुन्हा भेटणारा शब्दच कामाचा. कोशही इथे मदत करतो. ऑक्सफर्डमध्ये सर्वांत गरजेच्या ३००० शब्दांवर खूण असते, लाँगमनमध्ये वारंवार वापरले जाणारे शब्द लाल रंगात असतात आणि केंब्रिजमध्ये बऱ्याच शब्दांपुढे ए१ (सर्वांत सोपी) ते सी२ (सर्वांत अवघड) अशी पातळी दिलेली असते. खूण नसलेला, कधीतरीच दिसणारा शब्द खुशाल सोडून द्या. दिवसाला पाच शब्द पुरेत. पुढच्या पायऱ्या नीट केल्या तर पाचच जड जातील.

२. कोश उघडण्याआधी अंदाज बांधा

ही अर्ध्या मिनिटाची पायरी आहे, पण वगळू नका. शब्द नाम आहे की क्रियापद, चांगल्या अर्थाने आलाय की वाईट, एवढं वाक्यावरून ठरवा आणि पेन्सिलीने लिहा. अंदाज चुकला तरी चालेल. मनात प्रश्न तयार असला की उत्तर जास्त टिकतं.

३. व्याख्या सुटी करून वाचा

व्याख्येत साधारण दोन भाग असतात : शब्द कोणत्या कुळातला, आणि त्या कुळात त्याचं वेगळेपण काय. ‘स्टेअर’ पाहा. कुळ ‘लुक’, वेगळेपण ‘बराच वेळ, नजर न हलवता’. ‘ग्लान्स’ त्याच कुळातला, पण ‘पटकन, क्षणभर’. ‘पीप’ म्हणजे चोरून किंवा फटीतून, आणि ‘ग्लेअर’ रागाने. वहीत चौघांपुढे ‘पाहणे’ लिहिलंत तर चारही वाया गेले. मराठीतही टक लावणं, नजर टाकणं, डोकावणं आणि डोळे वटारणं ही वेगवेगळी कामं आहेतच की. व्याख्येत कुळाच्या शब्दाला एक रेघ मारा आणि वेगळेपणाला दोन. लक्षात ठेवायचा तो दोन रेघांचा भाग.

‘इस्पेशली’ आणि ‘युज्वली’ हे शब्द व्याख्येत आले की थांबा. ‘इस्पेशली’नंतर जे येतं तिथेच तो शब्द जास्त करून वापरला जातो.

व्याख्येच्या आधी तिरप्या अक्षरांत किंवा चौकटी कंसात छोट्या खुणा असतात. नवशिके त्यांच्यावरून सरळ उडी मारतात, आणि निम्म्या चुका तिथेच होतात. ‘फॉर्मल’ लिहिलेला शब्द मित्राशी गप्पा मारताना विचित्र वाटतो. ‘बाय’ आणि ‘पर्चेस’ दोन्ही म्हणजे विकत घेणं, पण भाजीसाठी ‘पर्चेस’ म्हणणारा माणूस कागदपत्र वाचून दाखवतोय असं वाटतं. ‘डिसअप्रूव्हिंग’ म्हणजे शब्दात नापसंती आहे. ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ, हे कौतुक. ‘स्किनी’ बहुतेकदा काडीपैलवान छापाचं, आणि ते तोंडावर म्हणायचं नसतं. ‘सी’ आणि ‘यू’ या खुणा नाम मोजता येतं की नाही ते सांगतात. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’ या सगळ्यांपुढे ‘यू’ असतो, म्हणून त्यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही आणि आधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ही येत नाही. ‘टी’ खूण असलेल्या क्रियापदाला कर्म लागतंच.

एका शब्दाखाली आठ-दहा अर्थ दिसले की घाबरून पहिलाच घ्यायचा, हा नेहमीचा सापळा. तुमच्या वाक्यात ‘ॲड्रेस द प्रॉब्लेम’ असेल आणि तुम्ही ‘पत्ता’ घेऊन निघालात तर पोचणार कुठे? आधी नाम की क्रियापद ते ठरवा, मग एकेक अर्थ तुमच्या वाक्यात घालून पाहा, बसेल तो घ्या. बाकीचे उतरवून घेऊ नका. ते त्यांच्या वाक्यांबरोबर कधीतरी भेटतीलच.

मराठीत रुळलेले इंग्रजी शब्दही एकदा कोशात पाहून घ्या, कारण ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त फसवतात. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे चोख मराठी आहे, पण ‘डोन्ट टेक टेन्शन’ हे इंग्रजी नाही. तिथे ‘डोन्ट वरी’ पुरतं. ‘मी अमुक साली पास आउट झालो’ असं परदेशातल्या माणसाला इंग्रजीत सांगितलंत तर तुम्ही बेशुद्ध पडला होतात असं त्याला वाटू शकतं. आणि ‘इव्हेन्च्युअली’चा ‘कदाचित’शी काही संबंध नाही. त्याचा अर्थ ‘शेवटी, बऱ्याच काळाने का होईना’.

४. उदाहरणाचं वाक्य : इथे सर्वांत जास्त वेळ द्या

व्याख्या अर्थ सांगते, वापर सांगत नाही. ‘रिलक्टंट’ म्हणजे नाखूश, काही करायला मन न धजणारा, हे व्याख्येतून कळतं. पण त्यापुढे ‘टु’ येतो आणि मग क्रियापदाचं मूळ रूप येतं, हे उदाहरणातच दिसतं : ‘ही वॉज रिलक्टंट टु साइन द पेपर्स.’ म्हणून उदाहरणात तीन गोष्टी शोधा.

*पुढे-मागे कोणता छोटा शब्द येतो?* आपल्या विभक्ती इथे आपल्याला ओढतात. ‘त्या विषयावर चर्चा करू’ मनात असतं, म्हणून तोंडून ‘डिस्कस अबाउट’ निघतं. खरं तर ‘डिस्कस’नंतर थेट विषय येतो, मध्ये काही नाही. ‘मला समजावून सांग’चं ‘एक्सप्लेन मी’ होतं, हवं असतं ‘एक्सप्लेन इट टु मी’. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’, पण इंग्रजीत ‘मॅरीड टु हर’ किंवा नुसतं ‘मॅरीड हर’. कुत्र्याला घाबरणाऱ्याचं इंग्रजी ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’. असे छोटे शब्द तर्काने सुटत नाहीत. ते पाहावे लागतात, आणि उदाहरणात ते बऱ्याचदा जाड अक्षरांत दिलेले असतात.

*शेजार कोणाचा आहे?* मराठीत झोप गाढ असते, थंडी कडाक्याची आणि ऊन रणरणतं. कोणी ‘गाढ थंडी’ म्हणालं तर अर्थ कळेल, पण हसू येईल. इंग्रजीतही हेच. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, ट्रॅफिक पुन्हा ‘हेवी’, कॉफी ‘स्ट्राँग’. गुन्हा ‘कमिट’ करतात, चूक ‘मेक’ करतात, गृहपाठ ‘डू’ करतात, लक्ष ‘पे’ करतात. नाम शिकताना त्याचं क्रियापद बरोबर घेतलंच पाहिजे, नाहीतर शब्द येतो आणि वाक्य अडतं.

*वातावरण कसं आहे?* हे थोडं बारीक काम आहे, पण मला यातच सगळ्यात मजा येते. ‘कॉझ’ची व्याख्या पाहिली तर ‘घडवून आणणे’, ना चांगलं ना वाईट. उदाहरणं वाचा : अपघात, नुकसान, उशीर, त्रास. हा शब्द बहुतेक वेळा वाईट गोष्टींच्या सोबतीने येतो. म्हणून ‘युवर हेल्प कॉझ्ड माय सक्सेस’ व्याकरणात बसूनही कानाला खटकतं. हे व्याख्येने कधीच सांगितलं नसतं.

उदाहरणांवर इतका भरवसा ठेवता येतो, त्याला कारण आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या कॉलिन्स कोबिल्ड कोशाने १९८७ मध्ये वेगळी वाट धरली. वर्तमानपत्रं, पुस्तकं आणि बोलणं यांतला प्रचंड मजकूर संगणकावर जमवून, लोक शब्द प्रत्यक्षात कसा वापरतात त्यावरून नोंदी लिहिल्या गेल्या. पुढे इतर लर्नर्स कोशांनीही तेच केलं. कोबिल्डच्या व्याख्याच पूर्ण वाक्यात असतात, ‘इफ यू आर रिलक्टंट टु डू समथिंग…’ अशा सुरू होणाऱ्या. त्यामुळे व्याख्या वाचतानाच ‘टु डू’ हा साचा हाती लागतो. कोरड्या व्याख्या डोक्यात शिरत नसतील त्यांनी आधी हाच कोश पाहावा.

तरी सगळी उदाहरणं सारखी उपयोगी नसतात. पारखायची सोपी रीत : शब्दावर बोट ठेवा आणि उरलेलं वाक्य वाचा. ‘शी इज अ ___ वुमन’ यात हजार शब्द बसतील, हे वाक्य टाका. ‘ही वॉज ___ टु लेंड मी द बाइक, बट इन द एंड ही अग्रीड’ यात मात्र शब्द जवळजवळ सांगता येतो. असं एक वाक्य सापडेपर्यंत दोन-तीन कोश उघडा.

५. उच्चार ऐका

स्पीकरच्या खुणेवर दाबा, दोनदा ऐका, मोठ्याने म्हणा. उच्चारलिपी पूर्ण शिकायला नको. एकच खूण ओळखा : वरच्या बाजूची छोटी उभी रेघ. शब्दाचा जो भाग तिच्या लगेच नंतर येतो त्यावर जोर असतो. मराठीत अशा जोराने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तो सगळीकडे सारखाच देतो आणि समोरच्याला शब्द कळत नाही. ‘डेव्हलप’मध्ये जोर ‘व्हे’वर आहे. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवू नका. या लेखात मी सगळं देवनागरीत लिहिलंय ते वाचायच्या सोयीसाठी. कार्डावर मात्र इंग्रजी स्पेलिंग आणि जोराची रेघ, एवढंच.

६. कार्ड बनवा

एका शब्दाला एक कार्ड, एका कार्डावर एकच अर्थ. पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य आणि दोन रेघांचं वेगळेपण, मागच्या बाजूला उत्तर. नमुना :

पुढे : ‘ही वॉज ___ टु लेंड मी द बाइक, बट इन द एंड ही अग्रीड.’ (मन धजत नाही, म्हणून आढेवेढे)

मागे : रिलक्टंट, जोर ‘लक’वर. साचा : रिलक्टंट टु + क्रियापद. नाम : रिलक्टन्स. माझं वाक्य : ______

कंसातला इशारा सोप्या इंग्रजीत जमला तर उत्तम, नाहीतर मराठी चालेल. मराठीचा विटाळ मानणारे शिक्षक भेटतात, त्यांचं मनावर घेऊ नका. फक्त इशारा एका शब्दाचा नको, वेगळेपण दाखवणारा हवा. आणि रंगीत पेनं, चित्रं, शीर्षकं यांत तास घालवू नका. कार्ड दोन मिनिटांत व्हायला हवं.

७. स्वतःचं वाक्य लिहा आणि तपासा

मागची रिकामी ओळ आता भरायची. वाक्य तुमच्याबद्दलचं आणि खरं असावं. ‘माझे वडील डॉक्टरकडे जायला नेहमी आढेवेढे घेतात’ हे इंग्रजीत लिहिलंत तर ते विसरणार नाही, कारण वडील समोर दिसतात. कोशातलं वाक्य घेऊन ‘ही’च्या जागी ‘शी’ करणं हे वाक्य लिहिणं नव्हे. साचा तोच ठेवा, माणसं आणि प्रसंग तुमचे आणा.

मग तपासा. वाक्यातला मधला तीन-चार शब्दांचा तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. तोच तुकडा वर्तमानपत्रांत, पुस्तकांत भरपूर सापडला तर ठीक. हाताच्या बोटांवर मोजण्याइतका सापडला तर कोशातल्या उदाहरणांशी पुन्हा ताडून पाहा. इंग्रजी उत्तम असलेलं कोणी ओळखीत असेल तर आठवड्याची वाक्यं एकदम दाखवा, रोज एकेक घेऊन जाऊ नका. एआय चॅटबॉटला विचारणार असाल तर ‘बरोबर आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘हे वाक्य असं कोणी बोलेल का, बोलणार नसेल तर काय म्हणेल?’ असं विचारा, आणि उत्तर कोशाशी पडताळा.

थिसॉरसपासून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशापासून, दोन हात लांब राहा. ‘गुड’च्या जागी त्यातला भारदस्त शब्द उचलून घातला की वाक्य हमखास बिघडतं, कारण थिसॉरस शब्द देतो, त्याचा शेजार देत नाही.

८. उजळणी

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून पहिल्या उजळण्या जवळजवळ, पुढच्या लांब लांब : त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. कागदी कार्डांसाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये पेटीची पद्धत सांगितली. पाच कप्पे करायचे, आठवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की थेट पहिल्यात. पुढचे कप्पे जास्त दिवसांनी उघडायचे. अँकी हा हिशोब स्वतः ठेवतं.

कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणा, पूर्ण वाक्यासकट. नुसतं पुढे-मागे वाचून ‘हां, हे येतं’ म्हणणं म्हणजे उजळणी नाही. ते फक्त ओळखणं झालं, आणि ओळख तर त्या जुन्या वहीतही होती.

एखादं कार्ड पुन्हा पुन्हा चुकत राहतं. अँकीत अशा कार्डाला ‘लीच’, म्हणजे जळू, म्हणतात आणि ठराविक वेळा चुकल्यावर त्यावर तशी खूण होते, हवं तर ते आपोआप बाजूलाही काढता येतं. कागदावर हे काम तुम्ही करा. बहुतेक वेळा दोष वाक्याचा असतो. ते बदला, नवं कार्ड करा. तरीही चुकलं तर फाडा.

मध्ये दोन-तीन आठवडे खंड पडला तर उजळणीचा डोंगर साचलेला दिसेल. तो एका रविवारी उपसायला बसू नका. नवे शब्द घेणं थांबवा, रोज ठरवलेला वेळ फक्त जुन्या कार्डांना द्या, आणि जी पाहताक्षणी परकी वाटतात ती सरळ पहिल्या कप्प्यात टाका. डोंगर सपाट झाल्यावर पुन्हा दिवसाला पाच.